समुद्रावरच्या नोकरीतील धोके जमिनीवरच कसे ठरतात

चंडीगड : या शहराला समुद्र नाही. सर्वांत जवळचा किनारा कच्छच्या आखाताचा, आणि तोही येथून सुमारे हजार किलोमीटरवर. सुखना तलावातील होड्या सोडल्या तर येथील बहुतेक मुलांनी पाण्यावर तरंगणारे वाहन जवळून पाहिलेले नसते. तरीही सेक्टर ३४ मधील शिकवणी वर्गांच्या गर्दीत ‘मर्चंट नेव्ही’ हे शब्द आणि शुभ्र गणवेशातील तरुणाचे छायाचित्र असलेली पाटी दिसते. पंजाब, हरियाणा आणि हिमाचल प्रदेशातील अनेक कुटुंबांचा समुद्राशी पहिला संबंध अशाच एखाद्या कार्यालयात येतो. तेथे पहिला प्रश्न पगाराचा विचारला जातो. जहाज कोणाचे, त्यावर झेंडा कोणत्या देशाचा, मुलगा आजारी पडला तर खर्च कोण करणार, हे प्रश्न मागे पडतात किंवा विचारलेच जात नाहीत.

त्याची किंमत काय असू शकते, हे या प्रदेशाने पाहिले आहे. ऑगस्ट २०१० मध्ये सोमाली चाच्यांनी एडनच्या आखातात ‘एमव्ही सुएझ’ हे जहाज पळवले. त्यावरील २२ जणांमध्ये सहा भारतीय होते आणि त्यांपैकी काही हरियाणा व हिमाचल प्रदेशातील होते. जहाजाचा मालक इजिप्तमधील, झेंडा दुसऱ्याच देशाचा, ओलीस चार देशांचे. सुटकेसाठी कोणाचे दार ठोठवायचे, हेच कुटुंबांना कळत नव्हते. अखेर खंडणीची बरीचशी रक्कम पाकिस्तानातील मानवी हक्क कार्यकर्ते अन्सार बर्नी यांच्या पुढाकाराने उभी राहिली. जून २०११ मध्ये, म्हणजे सुमारे दहा महिन्यांनी, हे खलाशी सुटले आणि पाकिस्तानी नौदलाच्या जहाजातून कराचीमार्गे मायदेशी परतले.

कोकणातील परिस्थिती थोडी वेगळी असते. रत्नागिरी किंवा रायगड जिल्ह्यातील गावात घरात नसला तरी शेजारी कुणीतरी ‘बोटीवर’ असतो. कोणती कंपनी पगार वेळेवर देते, कोणत्या मार्गावर जाऊ नये, करारातील कोणते कलम नीट वाचावे, हे ज्ञान ओटीवरच्या गप्पांतून पुढच्या पिढीकडे जाते. चंडीगडच्या परिसरात असा वारसा नाही. येथील तरुणाच्या हाती असतो तो केवळ कागद. समुद्रावरील जोखमींचा विचार वादळापासून नव्हे, तर या कागदापासून सुरू करावा लागतो, तो यामुळेच.

तंदुरुस्तीचा दाखला

जहाजावर चढण्यापूर्वी प्रत्येक नाविकाला नौवहन महासंचालनालयाने मान्यता दिलेल्या डॉक्टरकडून वैद्यकीय तपासणी करून घ्यावी लागते. दाखल्याची मुदत साधारणपणे दोन वर्षांची असते. दृष्टी, श्रवणशक्ती, रक्तदाब, हृदय अशा अनेक गोष्टी पाहिल्या जातात. पण होतकरू तरुणांची स्वप्ने बहुधा एका वेगळ्याच चाचणीवर अडतात. रात्री समोरून येणाऱ्या जहाजाची दिशा त्याच्या दिव्यांवरून ओळखतात : डाव्या बाजूला लाल, उजव्या बाजूला हिरवा. लाल-हिरव्यातील फरक न कळणाऱ्या माणसाला पहाऱ्यावर उभे करणे म्हणजे दोन जहाजांची टक्कर ओढवून घेणे. रंगांधळेपणाची कल्पना त्या व्यक्तीलाही अनेकदा नसते. म्हणून ही तपासणी प्रशिक्षण संस्थेचे शुल्क भरण्याआधी करून घ्यावी. नंतर कळले तर लाखो रुपये आणि एक वर्ष दोन्ही हातचे जातात.

तपासणीत जुना आजार लपवण्याचा सल्ला कुणी दिला, तर त्याचा अर्थही नीट समजून घ्यायला हवा. २००६ च्या सागरी कामगार करारानुसार नोकरीत असताना आजारी पडलेल्या किंवा जखमी झालेल्या नाविकाच्या उपचारांचा खर्च जहाजमालकाने करायचा असतो, आणि ही जबाबदारी किमान १६ आठवडे टाळता येत नाही. भारताने ऑक्टोबर २०१५ मध्ये या कराराला मान्यता दिली. पण नोकरीवर घेताना एखादा आजार जाणूनबुजून लपवला असेल, तर मालकाला या जबाबदारीतून सूट मिळू शकते. रक्तदाबाची गोळी लपवून मिळवलेला दाखला पुढे कुटुंबाच्याच विरोधात पुरावा म्हणून उभा राहतो.

न दिसणारा मृत्यू

जहाजावरील अपघात म्हटले की उंच लाटा, आग, टक्कर अशी चित्रे डोळ्यांसमोर येतात. ही कारणे आहेतच. बंदरात जहाज बांधताना ताणलेला जाड दोर तुटला तर तो ज्या वेगाने मागे उसळतो, त्यात माणसाचा पाय किंवा प्राण जाऊ शकतो. पण अनुभवी अधिकारी नव्या मुलांना ज्या गोष्टीची सर्वाधिक धास्ती घालतात, ती दिसायला अगदी निरुपद्रवी असते : बंद जागा. रिकामी टाकी, साखळी ठेवण्याची खोली, मालाच्या कोठारात उतरणारा जिना, अशा या जागा असतात.

कारण रसायनशास्त्राचे आहे. लोखंड गंजते तेव्हा ते हवेतील प्राणवायू शोषून घेते. महिनोन्‌महिने बंद असलेल्या पोलादी टाकीच्या भिंती हळूहळू गंजत राहतात आणि आतील हवेतून प्राणवायू निघून जातो. कोळसा, लाकडाचे ओंडके, भंगार लोखंड असा माल भरलेल्या कोठारातही हेच घडते. धान्याच्या कोठारात कीडनाशक वायूची भर पडते. मोकळ्या हवेत प्राणवायूचे प्रमाण सुमारे २१ टक्के असते. ते खूप खाली गेले की एक-दोन श्वासांत शुद्ध हरपते. विशेष म्हणजे शरीर कोणताही इशारा देत नाही. गुदमरल्याची भावना आपल्याला प्रामुख्याने शरीरात साठणाऱ्या कार्बन डायऑक्साइडमुळे होते, प्राणवायू कमी झाल्यामुळे नव्हे. त्यामुळे आत उतरलेला माणूस घाबरत नाही, धडपडत नाही. तो सरळ कोसळतो.

मग वरून पाहणारा सहकारी त्याला वाचवण्यासाठी उतरतो, आणि पाठोपाठ तिसरा. महाराष्ट्रातील वाचकांना हा क्रम अपरिचित नाही. एप्रिल २०२४ मध्ये अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील नेवासे तालुक्यात वाकडी गावी शेणाची स्लरी साठवलेल्या जुन्या विहिरीत पडलेले मांजर काढण्यासाठी एक जण उतरला. त्याला काढायला दुसरा उतरला, आणि पाहता पाहता पाच जणांनी प्राण गमावले. विहिरीत मारक ठरते ती विषारी वायूंनी भरलेली हवा आणि जहाजाच्या टाकीत प्राणवायूचा अभाव, पण माणसे मरण्याची रीत तीच. पंजाबमधील ज्या मुलाने गावात विहीर किंवा गटार साफ करतानाची अशी घटना ऐकली आहे, त्याला जहाजावरचा हा नियम अर्ध्या मिनिटात समजावता येतो.

नियम स्पष्ट आहेत. आत जाण्यापूर्वी जागा हवेशीर करायची, वायुमापकाने हवा तपासायची, लेखी परवानगी घ्यायची, तोंडाशी एक माणूस उभा ठेवायचा. अशा जागेतून सुटकेचा सराव दर दोन महिन्यांनी घेणे आंतरराष्ट्रीय नियमांनुसार बंधनकारक आहे. तरीही माणसे मरतात, कारण माल उतरवण्याची घाई असते, वायुमापक दुसऱ्या टोकाला असतो आणि काम ‘दोन मिनिटांचे’ असते. नव्या कॅडेटला वरिष्ठाने सांगितलेले काम नाकारण्याचे धैर्य क्वचितच होते. प्रशिक्षणात हे धैर्य शिकवले जाते का, हे संस्था निवडतानाच विचारायला हवे.

कागदावरची झोप

जहाजावरील थकवा हा वैयक्तिक दुबळेपणा समजण्याची चूक होते. नियमानुसार नाविकाला कोणत्याही २४ तासांत किमान १० तास आणि सात दिवसांत किमान ७७ तास विश्रांती मिळाली पाहिजे. दहा तासांची ही विश्रांती दोनपेक्षा अधिक तुकड्यांत विभागता येत नाही आणि त्यातील एक तुकडा किमान सहा तासांचा हवा. या किमान मर्यादेवरच एखादे जहाज चालवले, तर कामाचा आठवडा ९१ तासांचा होतो.

प्रत्यक्षात बंदराचा मुक्काम लहान असतो. माल चढवणे-उतरवणे, तपासणी अधिकारी, इंधन, रसद हे सारे एकाच रात्रीत उरकायचे असते. स्वीडनमधील माल्मो येथील जागतिक सागरी विद्यापीठाने २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, विश्रांतीच्या तासांच्या नोंदी नियमात बसतील अशा ‘जुळवून’ घेण्याची सवय या व्यवसायात किती खोल रुजली आहे, हे दाखवून दिले. नोंदवहीत झोप पूर्ण असते, डोळ्यांत नसते. अपघातानंतर चौकशी झाली की हीच नोंदवही नाविकाविरुद्ध वापरली जाते, कारण तिच्यावर सही त्याचीच असते.

डॉक्टर दूर, किनारा त्याहून दूर

मालवाहू जहाजावर डॉक्टर नसतो. सागरी कामगार करारानुसार शंभर किंवा अधिक माणसे असलेल्या आणि तीन दिवसांहून लांबचा आंतरराष्ट्रीय प्रवास करणाऱ्या जहाजावरच डॉक्टर सक्तीचा आहे. साधारण मालवाहू जहाजावर पंचवीसच्या आसपास माणसे असतात. तेथे वैद्यकीय उपचारांचे प्रशिक्षण घेतलेला अधिकारी औषधपेटी सांभाळतो आणि गंभीर प्रसंगी किनाऱ्यावरील डॉक्टरांचा सल्ला घेतो. रोम येथील ‘सीआयआरएम’ ही संस्था १९३५ पासून समुद्रावरील रुग्णांना असा दूरस्थ सल्ला विनामूल्य देत आली आहे. पण छातीत कळ आलेल्या माणसाला सल्ल्याबरोबर रुग्णालयही लागते, आणि हेलिकॉप्टरच्या पल्ल्यात येण्यासाठी जहाजाला कधी एक, कधी दोन दिवस लागतात. चंडीगडमध्ये पीजीआयसारखे रुग्णालय हाकेच्या अंतरावर असलेल्या कुटुंबाला हे अंतर डोळ्यांसमोर आणणे कठीण जाते.

मनाच्या आजाराबाबत तर औषधपेटीही उपयोगी पडत नाही. करोना साथीच्या काळात जगभरात सुमारे चार लाख नाविक करार संपूनही जहाजांवर अडकून पडल्याचा आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेचा अंदाज होता. ‘जग आनंद’ या जहाजावरील २३ भारतीय जून २०२० पासून चीनच्या जिंगतांग बंदराबाहेर नांगरलेल्या जहाजावर होते. त्यात ऑस्ट्रेलियाचा कोळसा होता आणि दोन देशांच्या व्यापारी ताणात तो उतरवला जात नव्हता. जानेवारी २०२१ मध्ये जहाज जपानकडे निघाले, तेव्हा त्यांच्या सुटकेचा मार्ग मोकळा झाला. घरच्यांशी बोलता येणे ही चैन नसून आरोग्याची गरज आहे, हे त्या अनुभवातून पुढे आले. डिसेंबर २०२४ पासून लागू झालेल्या सुधारणांत नाविकांना संपर्काची सोय पुरवण्याची आणि अंगाला बसतील अशा मापाची सुरक्षासाधने देण्याची तरतूद आहे. महिला नाविकांची संख्या वाढत असताना मापाचा हा उल्लेख किरकोळ नाही.

वादळ आणि निर्णय

समुद्रावर काम करणारा प्रत्येक जण नाविक नसतो, हे सांगणारी सर्वांत वेदनादायक घटना मुंबईजवळ घडली. ‘तौक्ते’ चक्रीवादळात १७ मे २०२१ रोजी मुंबई हायच्या तेलक्षेत्रात ‘पी-३०५’ ही निवासी बार्ज बुडाली. तिच्यावर २६१ जण होते. वेल्डर, फिटर, स्वयंपाकी अशी कामे करणारी ही माणसे देशाच्या निरनिराळ्या राज्यांतून कंत्राटी कामासाठी आली होती. नौदल आणि तटरक्षक दलाने खवळलेल्या समुद्रातून १८६ जणांना वाचवले. बार्ज आणि ‘वरप्रदा’ ही टगबोट मिळून ८६ जणांचा मृत्यू झाला. चक्रीवादळाचा इशारा हवामान विभागाने आधीच दिला होता. बार्ज सुरक्षित ठिकाणी का नेली नाही, हा प्रश्न त्यानंतरच्या चौकशीच्या केंद्रस्थानी राहिला, आणि जीवरक्षक तराफ्यांच्या अवस्थेबाबत बचावलेल्यांनी तक्रारी केल्या.

वादळ टाळता येत नाही. त्याच्या वाटेतून हटण्याचा निर्णय मात्र माणसेच घेतात, आणि ती बहुतेक वेळा वातानुकूलित कार्यालयात बसलेली असतात. बार्जवरील वेल्डरचा त्या निर्णयात काहीही वाटा नसतो. त्याच्या हाती एवढेच असते, की पाण्यात जीव वाचवण्याचे मूलभूत प्रशिक्षण खरोखर घेतलेले असावे, त्याचे केवळ प्रमाणपत्र विकत घेतलेले नसावे.

युद्धाचा धोकाही याच जातीचा आहे. मार्च २०२४ मध्ये ‘ट्रू कॉन्फिडन्स’ या जहाजावर एडनच्या आखातात क्षेपणास्त्र आदळून तीन खलाशी ठार झाले. उरलेल्या २१ जणांना ‘आयएनएस कोलकाता’ने बाहेर काढले; त्यांत एक भारतीय होता. पुढच्याच महिन्यात इराणने ताब्यात घेतलेल्या ‘एमएससी एरिस’वर १७ भारतीय होते. या दोन्ही जहाजांवरील माणसांचा त्या संघर्षांशी कसलाही संबंध नव्हता. मार्ग मालकाने ठरवला होता.

वाऱ्यावर सोडलेली जहाजे

भारतीय नाविकांसाठी सध्या सर्वांत वेगाने वाढणारा धोका ना चाच्यांचा आहे, ना वादळाचा. मालक कर्जात बुडतो, पगार थांबवतो, इंधन आणि अन्न पाठवणे बंद करतो आणि फोन उचलत नाही. जहाज कुठल्यातरी बंदराबाहेर नांगरलेले राहते. ते सोडून उतरावे तर स्थानिक कायदा आडवा येतो आणि थकलेला पगार बुडण्याची भीती असते. आंतरराष्ट्रीय वाहतूक कामगार महासंघाच्या नोंदींनुसार २०२३ मध्ये अशी १३२ जहाजे होती; २०२४ मध्ये ती ३१२ झाली. त्यांवर ३,१३३ नाविक अडकले होते आणि त्यांपैकी ८९९ भारतीय होते. इतर कोणत्याही देशाचे एवढे नाविक या यादीत नव्हते.

पिण्याचे पाणी मोजून वापरणे, जनरेटर बंद पडल्याने उकाड्यात डेकवर झोपणे, औषधे संपणे हे सारे अशा जहाजांवर घडते. म्हणून ही बाब केवळ वेतनाच्या वादाची न राहता थेट आरोग्याची होते. दोन महिन्यांचा पगार थकला तरी ते जहाज ‘सोडून दिलेले’ मानता येते. जानेवारी २०१७ पासून मालकाने अशा प्रसंगासाठी विमा किंवा तत्सम आर्थिक हमी ठेवणे बंधनकारक आहे. त्या हमीतून चार महिन्यांपर्यंतचा थकीत पगार, अन्नपाणी आणि घरी परतण्याचा खर्च मिळतो. हमीचे प्रमाणपत्र जहाजावर सर्वांना दिसेल असे लावावे लागते. ते लावलेले नसेल, तर तेच पहिले धोक्याचे चिन्ह समजावे.

परवाना कोणता, कोणाचा

येथे चंडीगडमधील एक घोटाळा समजून घ्यायला हवा. परदेशी नोकरीसाठी जाणाऱ्या कामगारांच्या हितरक्षणासाठी केंद्र सरकारचे ‘प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स’ कार्यालय या शहरात आहे. पंजाबात प्रवास व व्हिसा सल्लागारांना २०१२ च्या राज्य कायद्यानुसार जिल्हा प्रशासनाकडून परवाना घ्यावा लागतो. कार्यालयाच्या भिंतीवर असा परवाना चौकटीत लावलेला पाहून पालक निश्चिंत होतात. पण यांपैकी कोणताही परवाना जहाजावर माणसे पाठवण्याचा अधिकार देत नाही. त्यासाठी ‘आरपीएसएल’ म्हणजे नाविक भरती व नियुक्ती सेवेचा वेगळा परवाना लागतो आणि तो मुंबईत कांजूरमार्ग येथे मुख्यालय असलेल्या नौवहन महासंचालनालयाकडूनच मिळतो. परवानाधारक कंपन्यांची यादी महासंचालनालयाच्या संकेतस्थळावर पाहता येते.

नोकरी मिळवून देण्यासाठी नाविकाकडून पैसे घेणे सागरी कामगार करारानुसार निषिद्ध आहे. वैद्यकीय दाखला, पारपत्र आणि ‘सीडीसी’ हे नाविकाचे ओळखपुस्तक, एवढ्याच गोष्टींचा खर्च त्याने करायचा असतो. ‘जॉइनिंग’साठी चार लाख रुपये मागणारा माणूस त्याच क्षणी बेकायदा व्यवहार करत असतो. जमीन गहाण टाकून असे पैसे दिलेला मुलगा जहाजावर पोहोचला, तरी तो तेथे मोकळा नसतो. कर्ज फिटेपर्यंत उतरायचे नाही, म्हणून तो गळक्या जहाजावर राहतो, थकलेला पगार सोसतो आणि बंद टाकीत उतरायला नकार देत नाही. परवाना नसलेल्या एजंटमार्फत गेलेल्याचे नाव महासंचालनालयाच्या नोंदीत नसेल, तर संकटात त्याचा माग काढण्यातही वेळ जातो.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने १९५८ च्या जुन्या कायद्याच्या जागी नवा मर्चंट शिपिंग कायदा मंजूर केला. त्याचे लाभ नाविकापर्यंत पोहोचण्यासाठी त्याची भरती नोंदीत असणे ही पहिली अट राहील.

मुलगा निघण्यापूर्वी घरी काही कागदांच्या प्रती ठेवाव्यात : सही केलेला नोकरीचा करार, सीडीसीचा क्रमांक, भरती कंपनीचा आरपीएसएल क्रमांक, विमा देणाऱ्या संस्थेचे नाव आणि जहाजाचा आयएमओ क्रमांक. हा शेवटचा क्रमांक सात आकडी असतो आणि जहाजाच्या अंगावर कोरलेला असतो. जहाजाचे नाव, झेंडा आणि मालक कितीदाही बदलले तरी तो तोच राहतो. ‘इक्वासिस’ या संकेतस्थळावर विनामूल्य नोंदणी करून हा क्रमांक टाकला, की त्या जहाजाचे वय, सध्याचा मालक आणि आजवर कोणत्या बंदरात त्रुटींमुळे त्याला अडवून ठेवले होते, याची माहिती मिळते.